१९७२ च्या एमजीबीतली टिकटिक: हेड उतरवण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही रेडिंगला राहता. मागच्या वर्षी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतलीत. इंजिन गरम झालं की वरच्या बाजूने टिकटिक येते, रेस दिली की तीच टिकटिक घाईघाईने येते. आधीचा मालक शपथेवर सांगतो की टॅपेट, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा झुलता दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यातला गॅप, गेल्याच उन्हाळ्यात सेट केलेत. तुम्ही स्वतः फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्या) लावून पाहिलात, आठही ठिकाणी १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) बरोबर. तरीही आवाज आहे. जवळच्या गॅरेजवाल्याने न उघडताच हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवून सगळं नवं करायला सांगितलं आणि त्याचा आकडा ऐकून तुमची झोप उडाली.

माझा अंदाज आधीच सांगून टाकतो. तुमच्या आठ रॉकरपैकी दोन-तीन रॉकरच्या टोकाला खड्डे पडलेत आणि तुमचा फिलर तुमच्याशी खोटं बोलतोय. पण अंदाजावर पाना उचलायचा नसतो. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार या इंजिनात मी इतक्या वेळा पाहिलाय की आता कुणी 'टॅपेट वाजतायत' म्हणाला की मी पहिला प्रश्न विचारतो: कशावरून?

मी हे काम शिकलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, अँबॅसडरवर. नंतर कोव्हेंट्रीला आलो आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी एमजीबीचं बॉनेट उघडून माझ्यासमोर उभी केली. मी बघतच राहिलो. घरापासून इतक्या लांब येऊन ओळखीचा माणूस भेटावा तसं झालं. आपल्या जुन्या पेट्रोल अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज. तेच ओतीव लोखंडाचं ब्लॉक आणि हेड, बाजूला ब्लॉकमध्ये कॅमशाफ्ट, त्यावर टॅपेट (कॅमवर टेकणारा सुटा भाग), त्यावर पुशरॉड (लांब दांडी), वर रॉकर, आणि दोन नटांनी धरलेलं पत्र्याचं रॉकर कव्हर. इथे दोन एसयू कार्बोरेटर लावलेत आणि माणसं त्याला स्पोर्ट्स कार म्हणतात, एवढाच काय तो फरक, असं मी तेव्हा म्हणालो होतो. मालकाला ते फारसं आवडलं नाही. तेव्हा आपल्याकडच्या कुणाच्या वडिलांनी अँबॅसडरचे टॅपेट सेट केलेले असतील तर त्यांना फोन लावा, पुढचं निम्मं त्यांना आधीच माहीत असेल.

आता आवाजाकडे येऊ. एमजीबीत टिकटिक करणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि सगळ्याच व्हॉल्व्हच्या नसतात. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करायच्या आधीच मागून टकटकटक येऊन थांबते ना? तो एसयूचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की तो गप्प होतो. तो आवाज चांगला आहे, त्याला हात लावू नका. एकाने मला फोनवर अर्धा तास 'इंजिन बंद असताना टॅपेट वाजतात' असं सांगितलं होतं, म्हणून हे लिहितोय.

पुढून, रेडिएटरच्या बाजूने साखळी फरपटल्यासारखी खरखर येत असेल आणि ती रेस सोडताना वाढत असेल तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर बघा. खालून, जड, ठोक ठोक असा आवाज चढावर जोर लावताना येत असेल तर तो बिग एंडचा, म्हणजे पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या बेअरिंगचा. तसं असेल तर गाडी चालवणं थांबवा आणि उरलेलं उत्तर नंतर वाचा.

सगळ्यात जास्त फसवतो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा लीक. हुबेहूब टॅपेटसारखा आवाज, फक्त नीट ऐकलं तर टिक नसून 'फट्' असतो. थंड इंजिनात जास्त आणि लोखंड तापून फुगलं की कमी. तुमचा आवाज उलटा आहे, गरम झाल्यावर येतो, त्यामुळे मला लीकची शक्यता कमी वाटते, पण तपासायला दोन मिनिटं लागतात. एमजीबीत इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर बसतात, आणि मधल्या स्टडवरचे जाड वॉशर दोन्हींच्या कानांवर एकदम दाब देतात. कुणी नवा मॅनिफोल्ड लावला आणि दोन्ही कानांची जाडी सारखी नसली, की वॉशर तिरका बसतो आणि एका बाजूचा दाब जातो. सायकलच्या ट्यूबचा किंवा रबरी नळीचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाला, दुसरं टोक मॅनिफोल्डच्या जोडावरून फिरवा. लीक असेल तिथे कानात फुंकर मारल्यासारखं होतं. हे करताना शेडचं दार उघडं ठेवा, आणि शर्टाच्या बाह्या वर करा, कारण तुमच्या सालच्या गाडीत पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि तो थांबत नाही.

आवाज वरचा आहे की खालचा हे ठरवायचा माझा आवडता उपाय टायमिंग लाइटचा आहे. त्याची चिमटी पहिल्या प्लगच्या वायरला लावा आणि लाइट भिंतीवर मारा. पहिल्या सिलिंडरचा प्लग क्रँकच्या (इंजिनचा खालचा मुख्य फिरता दांडा) दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे लाइट कॅमशाफ्टच्या तालावर लुकलुकतो. एका व्हॉल्व्हची टिकटिक लाइटच्या तालात बसली तर आवाज कॅम, पुशरॉड, रॉकर या घराण्यातला. एका लुकलुकीला दोन ठोके पडत असतील तर तो क्रँकच्या तालातला, म्हणजे खालचा. मशीन नको, कान आणि डोळे पुरतात. आमच्या वस्तादांना हे माहीत नव्हतं, ते लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावायचे आणि तेवढ्यावर सांगायचे, 'तीन नंबर एक्झॉस्ट.' बहुतेक वेळा बरोबर असायचं.

आता हा गॅप ठेवतातच का, ते समजून घ्या, नाहीतर पुढच्या गोष्टी मंत्रासारख्या वाटतील. कॅमचा उंचवटा, ज्याला आम्ही लोब म्हणतो, तो एकदम वर चढत नाही. सुरुवातीला त्याला अगदी सौम्य चढ असतो. रॉकर आणि व्हॉल्व्हमधला मोकळा गॅप त्या सौम्य चढावर भरून निघतो आणि मग व्हॉल्व्ह उघडू लागतो. बंद होताना तसंच, शेवटचं अंतर हळू उतरून व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे तो मिटतो त्या कडेवर, अलगद टेकतो. गॅप वाढला की सौम्य चढ आधीच संपतो आणि रॉकर व्हॉल्व्हच्या डोक्यावर धडकतो, परतताना व्हॉल्व्ह सीटवर आपटतो. तीच टिक. म्हणजे ठरलेल्या गॅपवरही थोडा आवाज येणारच, तो त्या इंजिनाचा स्वभाव आहे. एमजीबीला थंड असताना १५ थाऊ म्हणजे ०.३८ मिलिमीटर गॅप द्यायचा. गरम झाल्यावर तोच साधारण १३ होतो.

गॅप कमी असला तर? तर आवाज येत नाही. आणि तिथेच घोटाळा आहे.

माझ्या हातून झालेलं सांगतो. मी तेव्हा विशीत होतो. आमच्याकडे एका डॉक्टरांची अँबॅसडर यायची. माणूस सज्जन, पण आवाजाचं वेड. 'टॅपेट वाजतायत, टॅपेट वाजतायत' म्हणून तिसऱ्यांदा गाडी घेऊन आले. वस्ताद जेवायला गेलेले. मी शहाणपणा केला आणि आठही गॅप ८ थाऊवर आणले. इंजिन शिलाई मशीनसारखं चालायला लागलं. डॉक्टर खूश, मला चहाला पैसे दिले. दोन-अडीच महिन्यांनी रत्नागिरीहून परतताना आंबा घाटात गाडीचा दम तुटला, कशीबशी ओढत आणली. हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड अशी गेली होती, जशी लहान मुलाने भाकरीची कोर खाल्लेली असते. त्या ठिकाणी व्हॉल्व्ह गरम झाल्यावर पूर्ण मिटतच नव्हता आणि प्रत्येक स्फोटाचा जाळ त्या फटीतून बाहेर जात होता. बंद असताना सीटला चिकटून व्हॉल्व्ह आपली उष्णता हेडला देतो, तीही त्याला देता येत नव्हती. वस्तादांनी मला मारलं नाही, फक्त तो व्हॉल्व्ह माझ्या टूलबॉक्समध्ये ठेवायला दिला. अजून आहे.

म्हणून तुमच्या मनात 'एक-दोन थाऊ कमी करून बघू का' असं येत असेल तर नको. विशेषतः एक्झॉस्टला तर अजिबात नको.

आता मूळ मुद्दा, म्हणजे फिलर खोटं का बोलतो. रॉकर कव्हर काढा आणि एखाद्या रॉकरचं व्हॉल्व्हवर टेकणारं टोक टॉर्चने खालून, तिरक्या उजेडात बघा. ते टोक मुळात गुळगुळीत, फुगीर असतं. पन्नास वर्षं व्हॉल्व्हच्या दांड्याने तिथे ठोकलंय. दांडा साधारण साडेआठ मिलिमीटर जाड, त्यामुळे टोकाच्या मधोमध दांड्याच्या रुंदीएवढी एक खाच पडते, दोन्ही कडांना मूळचा धातू तसाच उंच राहतो. बोटाचं नख आडवं फिरवलंत तर कडेला अडकतं. फिलरची पाती मात्र सव्वा सेंटिमीटरच्या आसपास रुंद. ती खाचेत उतरत नाही, दोन्ही कडांवर पुलासारखी बसते. समजा खाच ८ थाऊ खोल आहे. तुम्ही १५ ची पाती घालून हलकी घासत चालेल इतका स्क्रू फिरवलात, वाटलं काम झालं. पण व्हॉल्व्हला खरा गॅप मिळाला २३. इंजिन तुम्हाला तेच सांगतंय, आणि पाती म्हणते सगळं आलबेल आहे.

याची खात्री करायचे दोन मार्ग. चांगला मार्ग डायल गेजचा: त्याचा दांडा रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या टोकाच्या पाठीवर टेकवा, व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना रॉकर हाताने वरखाली हलवा, काटा किती फिरतो तो खरा गॅप. गरिबाचा मार्ग: जुन्या फिलरची १५ ची पाती कातरून सहा मिलिमीटर रुंद पट्टी करा, कडा तेलदगडावर घासा, आणि ती पट्टी खाचेच्या मध्ये घालून बघा. रुंद पातीला घट्ट आणि अरुंद पट्टीला सैल, असं ज्या रॉकरला होईल तो गुन्हेगार.

अजून एक परीक्षा आहे, तिच्यात जरा तेल उडतं. कव्हर काढून इंजिन आयडलला चालू ठेवा. या इंजिनात आयडलला रॉकरवर तेल ठिबकतं, फवारा उडत नाही, त्यामुळे चिंधी हाताशी असली की पुरे. एकेका रॉकरच्या टोकाखाली पातळ पाती सरकवत जा. ज्या ठिकाणी पाती घातल्यावर टिकटिक मरते, तिथेच ती जन्मते. पाती वाकेल, खराब होईल; जुनीच वापरा. त्याच वेळी प्रत्येक रॉकरच्या बुशाजवळ (रॉकरच्या भोकातली नळी) तेल येतंय का हेही पाहून घ्या. एखादा रॉकर कोरडा दिसला तर रॉकर शाफ्टची (ज्या दांड्यावर रॉकर झुलतात) भोकं गाळाने बुजलीत. शाफ्ट आतून पोकळ आहे आणि एका पेडेस्टलमधून (शाफ्ट धरणारा पाय) वर आलेलं तेल त्याच पोकळीतून आठही रॉकरना वाटलं जातं.

कोरडा नसला तरी शाफ्ट झिजलेला असू शकतो, आणि तुमच्या गाडीच्या वयाला तो झिजलेला असेल असंच मी धरून चालतो. एका टोकाला पुशरॉड वर ढकलतो, दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्हची स्प्रिंग वर ढकलते, म्हणजे रॉकरचा सगळा जोर शाफ्टच्या खालच्या बाजूवर. वरून बघितलात तर शाफ्ट आरशासारखा, बाहेर काढून उलटा केलात की खाली पायऱ्या पडलेल्या. रॉकर बाजूने धरून हलवा. पुढेमागे, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने सरकणं चालतं, मध्ये स्प्रिंगा आहेत. पण वरखाली खुळखुळ जाणवली तर बुश आणि शाफ्ट गेले.

हे काम हेड न उतरवता होतं. रॉकर, शाफ्ट, बुश, पुशरॉड, सगळं वरून निघतं. पण एक सापळा आहे, त्यात भलेभले अडकतात. शाफ्टला चार पेडेस्टल आहेत आणि प्रत्येकाला दोन नट. एक लहान, फक्त पेडेस्टलचा. दुसरा मोठा, आणि तो हेडच्याच स्टडवर आहे. म्हणजे हेडच्या अकरा नटांपैकी चार नट रॉकर शाफ्ट सोडवताना सुटतात. फक्त तेवढेच चार ढिले केलेत तर उरलेले सात हेडला एका बाजूने धरून ठेवतात, हेड किंचित मुरडतं आणि गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये किंवा संपमध्ये (खालची तेलाची टाकी) जाण्याची वाट मोकळी होते. रॉकर बदलायला गेलेला माणूस पंधरा दिवसांनी डिपस्टिकवर दुधाळ तेल बघतो, आणि मग खरंच हेड उतरवायची वेळ येते. म्हणून आधी रेडिएटरचं पाणी काढा, मग अकराही नट थोडे थोडे, क्रमाने, पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे ढिले करा.

शाफ्ट वर उचलण्याआधी प्रत्येक पुशरॉड बोटात धरून गोल फिरवा आणि खालच्या टॅपेटपासून सोडवा. तेलाच्या चिकटपणाने टॅपेट पुशरॉडच्या टोकाला ओढ घेतं. झटक्यात वर ओढलात तर टॅपेट आपल्या भोकातून बाहेर येऊन बाजूच्या चेंबरमध्ये आडवं पडतं. ते परत बसवायला बाजूचं कव्हर काढावं लागतं, त्याआधी मॅनिफोल्ड, त्याआधी दोन्ही कार्बोरेटर. एक शनिवार गेला. पुशरॉड निघाले की खोक्याच्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, नंबर टाकून त्यात उभे खोचा, जिथला तिथेच परत जायला हवा. काचेवर लोळवून बघा, वाकलेला असेल तर लगेच उड्या मारतो.

नवा शाफ्ट आणि बुश घातलेले, टोकं घासून दिलेले रॉकर असा जोड इंग्लंडात सहज मिळतो, एमजीबीची बाजारपेठ अजून चांगली जिवंत आहे. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला तरी तोवर पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या होत्या. स्वतःचे रॉकर घासून घ्यायचे असतील तर मशीनवाल्याला स्पष्ट सांगा की कमीत कमी घासायचं, कारण टोकाचा कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो. तो थर गेला की नवी खाच वर्षभरात पडते. नवे बुश बसवले असतील तर त्यांची तेलाची भोकं रॉकरच्या भोकाशी जुळतायत का ते तारेने तपासून घ्या. शाफ्ट बसवताना त्याची तेलाची भोकं खाली, म्हणजे जोर येतो त्या बाजूला. रॉकरमधल्या स्प्रिंगांऐवजी कडक नळ्या घालायचा सल्ला कुणी देईल, तो शर्यतवाल्यांसाठी आहे, तुम्हाला रेडिंगहून ऑक्सफर्डला जाऊन चहा प्यायचाय.

परत आवळताना हेडचे नट ४५ ते ५० फूट-पाउंड, टप्प्याटप्प्याने आणि क्रमाने. पेडेस्टलचे लहान नट २५. टॉर्क पाना नसेल तर हे काम सुरूच करू नका. रॉकर कव्हरचे दोन नट तर जेमतेम ४ फूट-पाउंडाचे. लोक तिथे दात-ओठ खाऊन आवळतात, पत्रा वाकतो, तेल गळतं, मग अजून आवळतात.

आता सेटिंग. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. अँबॅसडरला आम्ही पुढून हँडल घालून फिरवायचो, तुम्ही चौथ्या गियरमध्ये टाकून गाडी थोडी थोडी पुढे ढकला, एक माणूस मदतीला घ्या. पुढून मोजत व्हॉल्व्ह एक ते आठ. त्यात १, ४, ५, ८ एक्झॉस्ट आणि २, ३, ६, ७ इनलेट. लक्षात ठेवायचं फक्त नऊ. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेलाय त्याचा नंबर नवातून वजा करा, उत्तर येईल तो सेट करा. आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला, सहावा उघडा तेव्हा तिसरा, चौथा उघडा तेव्हा पाचवा, मग सातवा उघडा असताना दुसरा, आणि पुढचं तसंच. दुकानातल्या पोराला मी हे 'नवाचा पाढा' म्हणून शिकवायचो.

चेकनट ढिला करा, स्क्रू फिरवा, पाती घाला, आणि मग स्क्रू जागच्या जागी धरून चेकनट आवळा. आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा मोजायचं. माझी खूण अशी: १४ ची पाती बिनविरोध गेली पाहिजे आणि १६ ची जाता कामा नये. मधलं घासणं प्रत्येकाच्या हाताला वेगळं लागतं, हे दोन टोकांचं उत्तर मात्र सगळ्यांना सारखं येतं. हेडचे नट हलले आहेत, त्यामुळे काहीशे मैल चालल्यावर पुन्हा एकदा टॉर्क आणि पुन्हा गॅप बघावे लागतील.

समजा हे सगळं केलंत आणि एकाच जागची टिकटिक उरली. मग कॅमकडे संशय न्यावा लागतो. डायल गेज पुशरॉडकडच्या टोकावर लावून इंजिन सावकाश पूर्ण फिरवा आणि आठही ठिकाणची उचल वहीत लिहा. इनलेट आपसात, एक्झॉस्ट आपसात. सगळ्या जवळपास सारख्या आल्या तर कॅम ठीक. एखादी अर्ध्या-एक मिलिमीटरने मागे असेल तर त्या लोबचं टोक झिजलंय आणि त्याच्याखालच्या टॅपेटचा तळही खाल्लेला असणार. मग इंजिन बाहेर काढणंच सोपं, आणि कॅम बदलला तर आठही टॅपेट नवे. नव्या कॅमवर जुने टॅपेट घालून पैसे वाचवणारा माणूस तेच पैसे दुसऱ्यांदा भरतो. नवा कॅम पहिल्यांदा चालू केल्यावर आयडलला ठेवायचा नसतो. लगेच २००० ते २५०० आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवायचा, कारण लोब आणि टॅपेटला तेल मिळतं ते मुख्यतः खालून उडणाऱ्या तेलातून.

तेलावरून आठवलं. तुमच्या प्रश्नात तुम्ही कोणतं तेल घालता ते लिहिलेलं नाही. घरातल्या नव्या गाडीचं ५डब्ल्यू-३० उरलं म्हणून यात ओतलं असेल तर आवाज 'गरम झाल्यावर' का येतो याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. या इंजिनाला २०डब्ल्यू-५० लागतं, आणि सपाट टॅपेटच्या इंजिनांसाठी झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं. डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा काटा आहे, त्याचा उपयोग करा. गरम इंजिन, चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय, आयडलला १० ते २५. आयडलला काटा त्याहून खाली झोपत असेल तर रॉकर नंतर, आधी तेल, मग बेअरिंग.

आणि एक गोष्ट, जी आवाजाची नाही पण याच व्हॉल्व्हची आहे. तुमची गाडी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली. ते शिसं एक्झॉस्ट सीटवर पातळ थर धरायचं आणि व्हॉल्व्ह व सीट एकमेकांना खाण्यापासून वाचवायचं. इथे ते पेट्रोल १९९९ च्या अखेरीस पंपावरून गेलं, आपल्याकडे २००० मध्ये. हेडमध्ये कडक एक्झॉस्ट सीट बसवून घेतलेल्या नसतील तर मोटरवेवर जोरात पळवल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये आत बुडतो, दांडा वर येतो, आणि गॅप आपोआप कमी होतो. आवाज कमी होत जातो, मालकाला वाटतं गाडी सुधारली. डॉक्टरांच्या गाडीत मी पान्याने जे केलं, ते इथे पेट्रोल करतं. म्हणून वहीत तारीख, मैल आणि आठही गॅप लिहून ठेवायची सवय लावा. पुस्तकात सहा हजार मैलांनी तपासा म्हटलंय, पहिल्या वर्षी तुम्ही हजार-दीड हजारांनी बघा. एखाद्या एक्झॉस्टचा गॅप दर वेळी दोन-तीन थाऊ कमी भरत असेल, तर त्या दिवशी हेड उतरवायचं आणि सीट बसवून घ्यायच्या. तोवर शिशाच्या पर्यायाचं औषध टाकीत घाला, आणि २०२१ पासून पंपावर नेहमीचं झालेलं ई१० (जास्त इथेनॉलचं पेट्रोल) न भरता महागातलं ई५ (कमी इथेनॉलचं) भरा, जुन्या रबरी नळ्यांनाही ते बरं.

शनिवारी कव्हर उघडाल तेव्हा अरुंद पट्टीची परीक्षा आधी करा आणि कुठल्या नंबरला किती फरक आला तो इथे लिहा. शाफ्ट निघाला तर त्याच्या खालच्या बाजूचा फोटो टाका, तिरक्या उजेडात काढलेला. १, ४, ५, ८ यांतला एखादा सगळ्यांत शांत निघाला, तर तोही लिहा, मला त्याचीच जास्त काळजी आहे.